डावखुऱ्या रिलीव्हरची नोकरी टिकते, पण कोणाची?

प्रश्न एडिसन, न्यू जर्सी इथल्या एका आईचा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, डावखुरा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात दोन हंगाम स्टार्टर पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा गोलंदाज, म्हणून खेळला. यंदा कोचने त्याला बुलपेनमध्ये टाकलं, म्हणजे सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी येणाऱ्या रिलीफ पिचर्समध्ये. वडिलांना वाटतं पोराला एक पायरी खाली उतरवलं. मुलगा म्हणतो, "डावखुऱ्या रिलीव्हरला चाळिशीपर्यंत काम मिळतं, मला तेच व्हायचंय." खरं कोणाचं? आणि पोटापाण्याचा धंदा म्हणून हे काम कसं आहे?

ताई, तुमच्या घरात दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. सोळाव्या वर्षी बुलपेनमध्ये जाणं ही काही शिक्षा नव्हे. पण तेच आपलं काम असं ठरवून टाकायचं हे वयही नव्हे. आणि "चाळिशीपर्यंत काम" असं जे तुमच्या मुलाने ऐकलंय, ते ज्या कामाबद्दल होतं ते काम २०२० साली जवळजवळ बंद झालं.

मी स्वतः डावरा. अमरावतीत सॉफ्टबॉल खेळत वाढलो, मग बेसबॉलकडे वळलो आणि इकडे आल्यावर बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या पोरांना पिचिंग शिकवतोय. डावखुरी पोरं फिरून फिरून माझ्याकडेच येतात आणि त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

मुलाच्या डोक्यात ही कल्पना आली कुठून, ते आधी बघू. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या लीगमध्ये, सर्वाधिक सामन्यांत पिचिंग केलेल्यांची यादी काढा. पहिला जेसी ओरोस्को, १,२५२ सामने. दुसरा माइक स्टँटन, १,१७८. तिसरा जॉन फ्रँको, १,११९. तिघंही डावखुरे, तिघंही रिलीव्हर. मारियानो रिव्हेराला बहुतेक लोक आजवरचा सर्वश्रेष्ठ रिलीव्हर मानतात, तो उजवा आणि या यादीत चौथा. अशी यादी पाहिल्यावर कोणत्याही डाव्या पोराची कळी खुलणारच.

पण त्यातल्या पहिल्याच माणसाची कारकीर्द जरा उलगडून बघा. ओरोस्कोला १९७८ साली मिनेसोटा ट्विन्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या निवडीत, घेतलं. त्यांच्याकडून मेजर लीगमध्ये खेळण्याआधीच, १९७९ च्या सुरुवातीला, तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. मेट्सने बदल्यात दिला जेरी कूझमन, तोही डावखुराच. गंमत बघा: १९६९ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) मेट्सने जिंकली तेव्हा शेवटचा फलंदाज कूझमनने बाद केला होता आणि १९८६ ची जिंकली तेव्हा ओरोस्कोने. त्याने मार्टी बॅरेटला तीन स्ट्राइकवर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट केलं, ग्लोव्ह आकाशात भिरकावला आणि गुडघ्यांवर बसला. न्यूयॉर्कच्या जुन्या मेट्सप्रेमींकडे या फोटोचा विषय काढून बघा, अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

त्या काळातला ओरोस्को हा भरपूर काम करणारा रिलीव्हर होता. १९८३ मध्ये तो ६२ सामन्यांत ११० इनिंग टाकून गेला (पिचरची एक इनिंग म्हणजे तीन बाद), म्हणजे एका सामन्यात पाचापेक्षा जास्त फलंदाज बाद. त्या वर्षी त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १.४७ होता. आता २००२ चा ओरोस्को बघा. वय ४५, संघ लॉस एंजेलिस डॉजर्स, सामने ५६, इनिंग २७. एका सामन्यात सरासरी दीड फलंदाज! बुलपेनचं दार उघडायचं, धावत माऊंडवर, म्हणजे पिचर टाकतो त्या उंचवट्यावर जायचं, एका डावखुऱ्या फलंदाजाला चार-पाच चेंडू टाकायचे आणि परत यायचं. माणूस तोच आणि हातही तोच, काम मात्र झिजत झिजत एवढंसं उरलेलं. तो २००३ मध्ये एकाच हंगामात सॅन दिएगो, यँकीज आणि शेवटी ट्विन्स असा फिरला. त्याच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या वाइल्ड पिचवर, म्हणजे मागे बसलेल्या कॅचरलाही न अडवता येणाऱ्या भरकटलेल्या चेंडूवर, डेट्रॉइटने विजयी धाव घेतली. त्या डेट्रॉइटने त्या हंगामात ११९ सामने गमावले होते आणि १२० पराभवांचा तेव्हाचा आधुनिक विक्रम मोडण्यापासून त्या धावेने त्यांना वाचवलं. सेहेचाळिसाव्या वर्षी असा निरोप. पण चोवीस हंगाम पगार घेतला की त्याने!

तुमच्या मुलाने ऐकलेलं "चाळिशीपर्यंत काम" ते हे. डावखुऱ्यांनाच ते का मिळायचं, हे थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पिचर पाय ठेवतो त्या रबरपासून फलंदाज उभा असतो त्या होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. ताशी ९५ मैलांचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, म्हणजे फलंदाजाला चेंडू हातातून सुटतानाच अंदाज बांधावा लागतो. डावखुऱ्या पिचरचा हात डावखुऱ्या फलंदाजाला आपल्या पाठीमागून येतोय असा दिसतो. त्यात स्लायडर टाकला तर चेंडू आधी अंगावर येतोय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी बॅटपासून लांब पळतो. समोर उजवा फलंदाज असला की हे सगळं उलटं होतं. त्याला हात अगदी सुरुवातीपासून दिसतो आणि तोच स्लायडर वळून थेट त्याच्या बॅटच्या वाटेत येतो. क्रिकेट बघणाऱ्यांना हे नवीन नाही. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो म्हणून कर्णधार त्याला कोणासमोर आणायचं ते बघतो. फरक असा की बेसबॉलमध्ये बदललेला पिचर पुन्हा सामन्यात येऊ शकत नाही. त्यामुळे कोणत्या क्षणी कोणाला खर्च करायचा, हा मॅनेजरचा खरा खेळ असतो.

जगात डावखुरी माणसं साधारण दहा टक्के, पण मेजर लीगच्या पिचर्समध्ये डावखुरे साधारण पाव. मोठमोठे डावखुरे फलंदाज तर प्रत्येक संघात असतात. मग फक्त त्यांच्यासाठी एक माणूस बुलपेनमध्ये बसवून ठेवायची पद्धत पडली. १९८८ च्या सुमारास ओकलंडमध्ये मॅनेजर टोनी ला रूसाने बुलपेनमधल्या कामांची जी वाटणी केली (शेवटच्या इनिंगला डेनिस एकर्स्ली, त्याच्या आधी डाव्यांसाठी रिक हनीकट वगैरे) तिचा सगळ्यांनी कित्ता गिरवला. नव्वदच्या दशकात आणि पुढे एकाच फलंदाजापुरत्या येणाऱ्या डावखुऱ्यांची एक जातच तयार झाली. इथे त्यांना ‘लूगी’ (‘लेफ्टी वन-आउट गाय’चं छोटं रूप) म्हणायचे, थोड्या टिंगलीनेच.

या जातीतला माझा आवडता माइक मायर्स. डेट्रॉइटमध्ये असताना अल केलाइन या जुन्या दिग्गजाने त्याला हात खाली आणून बाजूने टाकून बघ असं सुचवलं. त्याने ऐकलं आणि जवळजवळ जमिनीलगतून टाकायला लागला. १९९७ मध्ये तो ८८ सामन्यांत आला. डावखुऱ्यांना त्याचा चेंडू जणू फर्स्ट बेसमधून सुटून आल्यासारखा वाटायचा. किंवा रँडी चोएट घ्या: २०१० मध्ये टँपा बेसाठी ८५ सामने आणि इनिंग मात्र पंचेचाळीसपेक्षा कमी. या दोघांनी उजव्या फलंदाजांपुढे कधी फार तग धरला नाही. धरायची गरजच नव्हती, मॅनेजर तोवर त्यांना परत बोलवायचा.

मग २०२० च्या हंगामापासून नियम आला. आलेल्या पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरं जायचं किंवा चालू अर्धी इनिंग संपवायची. दुखापत किंवा आजार असेल तरच सूट. कारण दिलं सामने लांबण्याचं. मला व्यक्तिशः तो नियम आवडत नाही, सातव्या-आठव्या इनिंगचं निम्मं डोकं त्यात गेलं. पण माझ्या आवडीने काय होणार? दोन बाद असताना एका फलंदाजापुरतं आजही आणता येतं. बाकी वेळी मॅनेजर डावखुऱ्याला आणतो तेव्हा त्याला माहीत असतं की पुढचे दोघं उजवे असू शकतात आणि समोरच्या मॅनेजरलाही ते माहीत असतं, तो मुद्दाम उजवा फलंदाज बदली पाठवतो. फक्त डाव्यांना बाद करणाऱ्याची किंमत एका फटक्यात उतरली.

तेव्हा मुलाला सांगा: डावखुऱ्या रिलीव्हरला काम आजही आहे, किंबहुना चांगलंच आहे, फक्त परीक्षा उजव्या फलंदाजाची आहे.

आता वडिलांचा मुद्दा. वरच्या पातळीवर यशस्वी झालेले डावखुरे रिलीव्हर बहुतेक मुळात स्टार्टर होते. बिली वॅग्नर घ्या. व्हर्जिनियातला गरीब घरचा मुलगा, जन्माने उजवा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने टाकायला लागला. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. फेरम नावाच्या लहानशा कॉलेजातून १९९३ मध्ये ह्यूस्टनने त्याला पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर घेतलं. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या पायऱ्यांवर, तो स्टार्टर होता, मेजरमध्ये आल्यावर रिलीव्हर झाला. कारकिर्दीत ९०३ इनिंग, १,१९६ स्ट्राइकआउट, ४२२ सेव्ह. सेव्ह म्हणजे थोडक्या आघाडीचा सामना शेवटपर्यंत सांभाळून देणं. डावखुऱ्यांत फ्रँकोच्या ४२४ नंतर तोच. आणि तरीही हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला दहावी, म्हणजे शेवटची संधी उजाडावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये ८२.५ टक्के मतं मिळून तो निवडला गेला. आयुष्यभर रिलीफ हेच मुख्य काम केलेला तो तिथला पहिला डावखुरा. रिलीव्हरला या खेळात मान किती उशिरा मिळतो याचा अंदाज त्यावरून घ्या.

अँड्र्यू मिलरची गोष्ट वडिलांना आवर्जून ऐकवा. सहा फूट सात इंच उंच, २००६ च्या निवडीत सहावा, डेट्रॉइटचं भावी आशास्थान. दीड वर्षाने त्याला फ्लोरिडाला देऊन डेट्रॉइटने मिगेल काब्रेरा आणला. स्टार्टर म्हणून मिलरचं बस्तान काही बसलं नाही, लोक त्याला विसरायला लागले. बॉस्टनने २०१२ मध्ये त्याला बुलपेनमध्ये घातलं. लांब हातांचा तो स्लायडर एकेका इनिंगपुरता टाकायला मिळाल्यावर फलंदाजांची दाणादाण उडाली. यँकीजनी त्याला चार वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले तेव्हा त्याच्या नावावर उभ्या कारकिर्दीत एकच सेव्ह होती. २०१६ मध्ये क्लीव्हलँडच्या टेरी फ्रँकोनाने त्याला नवव्या इनिंगसाठी राखून न ठेवता पाचव्या-सहाव्यातच, सामना जिथे फिरतोय तिथे आणलं. त्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मिलरने १९ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये ३० जणांना स्ट्राइकआउट केलं आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोर डावे होते की उजवे, याची चिंता कोणी केली नाही.

जॉश हेडर तर एकोणिसाव्या फेरीत, हायस्कूलमधून निवडलेला. तोही मायनर्समध्ये बराच काळ स्टार्टर. २०२४ च्या जानेवारीत ह्यूस्टनने त्याला पाच वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर दिले. वर्षभराने टॅनर स्कॉटला डॉजर्सनी चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले. यातली बहुतेक मंडळी आधी लांब पल्ल्याची तयारी करून मग बुलपेनमध्ये आली. स्टार्टर असताना तीन-चार प्रकारचे चेंडू शिकावे लागतात, एकाच फलंदाजाला तिसऱ्यांदा कसं फसवायचं ते कळतं, वाईट दिवशीही पाच इनिंग काढायची सवय होते. सोळाव्या वर्षीच जो फक्त एकेक इनिंग टाकायला लागतो तो एक फास्टबॉल आणि एक स्लायडर यांच्यावर भागवतो, शाळेत भागतंही, आणि कॉलेजात गेल्यावर पंचाईत होते.

अमेरिकेबाहेर एक उदाहरण आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानच्या चुनिची ड्रॅगन्सचा हितोकी इवासे. १९९९ ते २०१८, वीस हंगाम, एकच संघ, १,००२ सामने आणि ४०७ सेव्ह, दोन्ही जपानी लीगचे विक्रम. २००७ च्या जपान सिरीजचा पाचवा सामना, नागोया. दाइसुके यामाईने आठ इनिंग एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नव्हता. आघाडी फक्त १-०. आणखी तीन बाद केले की परफेक्ट गेम, तोही विजेतेपदाच्या सामन्यात! मॅनेजर ओचियाईने त्याला काढलं आणि इवासेला आणलं. सगळा देश बघतोय, सहकाऱ्याचा ऐतिहासिक पराक्रम आपल्या हातात आहे आणि जिंकलो तरी लोक म्हणणार "यामाईला का काढलं?" इवासेने तीन फलंदाज, तीन बाद असं काम संपवलं. ड्रॅगन्सना १९५४ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. त्या निर्णयावर तिकडे अजून वाद होतात, पण कोणी इवासेला बोल लावत नाही. रिलीव्हरच्या मनाची घडण कशी लागते ते मी पोरांना याच सामन्यावरून सांगतो.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं रिलीव्हर आठवड्यातून तीन वेळा वीस-वीस चेंडू टाकतो आणि मजा करतो. बुलपेनचा फोन वाजतो. कोच नाव घेतो. जॅकेट काढायचं, आधी कॅचर उभा असतानाच पाच-सहा चेंडू अर्ध्या वेगाने. मग कॅचर खाली बसतो. फास्टबॉल प्लेटच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, दोन-तीन स्लायडर, दोन चेंजअप (फास्टबॉलसारखे दिसणारे पण हळू येणारे चेंडू), शेवटचे काही धावपटू बेसवर असताना टाकतात तसे थांबून. कोच टोपी हलवून डगआउटला कळवतो, तयार. तेवढ्यात मैदानावर डबल प्ले होतो, म्हणजे एकाच चेंडूवर दोघं बाद, आणि इनिंग संपते. बस खाली. पुढच्या इनिंगला पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. सामना संपतो, स्कोअरबुकात याचं नावही नसतं, कोपरात मात्र पन्नास चेंडू जमा झालेले असतात. मेजर लीगमध्ये याची नोंद ठेवायला माणसं असतात. शाळेत कोणी ठेवत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी याची वाटते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. डावरी पोरं पिचिंग नसेल तेव्हा फर्स्ट बेसला किंवा आउटफिल्डला उभी असतात. कोच सहाव्या इनिंगला हाक मारतो, "चल, ये", आणि पोरगं माऊंडवरचे नियमाचे मोजके सरावाचे चेंडू टाकून थेट जोर लावतं. थंड हात. मार्च-एप्रिलमधली न्यू जर्सीची हवा. यापेक्षा स्टार्टर बरा, त्याला निदान सामन्याआधी अर्धा तास मिळतो. कोचला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: याला आणायचा विचार असेल तेव्हा आधीच्या इनिंगला बाजूला जाऊन हात मोकळा करायला सोडाल का? आणि तयारीचे चेंडू कोण मोजतं? उत्तर "कोणी नाही" असेल तर तुम्ही मोजा. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनाप्रमाणे १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्यापुढे चार. शिवाय वर्षात किमान चार महिने सामन्यातलं पिचिंग बंद, त्यातले सलग दोन-तीन महिने तर चेंडू फेकणंच बंद. ते आकडे सामन्यातल्या चेंडूंचे आहेत. रिलीव्हरच्या बाबतीत मी बुलपेनमधले जोराने टाकलेलेही त्यात धरतो, कोणी हसलं तरी.

कोपराचं अस्थिबंध तुटलं की करतात ती शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्या नावाची, तोही डावखुराच. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला, पूर्ण १९७५ हंगाम तो बाहेर होता आणि नंतर त्याने १६४ सामने जिंकले, १९८९ पर्यंत खेळला. हे ऐकून पालकांना वाटतं की शस्त्रक्रिया केली की हात नव्यासारखा. तसं नसतं. परत यायला वर्ष ते दीड वर्ष जातं आणि सगळे परत येतही नाहीत.

इथे भारताचा एक खरा धागा आहे. उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग (तो क्रिकेटवाला नव्हे) डावखुरा भालाफेकपटू होता. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत ताशी ८७ मैलांचा चेंडू टाकून त्याने एक लाख डॉलर जिंकले. त्याला आणि दिनेश पटेलला लॉस एंजेलिसमध्ये शिकवलं टॉम हाउसने. हा हाउस स्वतः अटलांटा ब्रेव्हजचा डावखुरा रिलीव्हर. ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला तेव्हा बुलपेनमध्ये उभ्या असलेल्या हाउसनेच तो चेंडू झेलला होता. तर, बेसबॉल आयुष्यात कधी न खेळलेला रिंकू पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीगमध्ये डावखुरा रिलीव्हर झाला, २००९ ते २०११ खेळला, खालच्या ए पातळीपर्यंत चढला. पुढे हाताने दगा दिला आणि नंतर २०२४ पर्यंत तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती करायचा. डाव्या हाताला या खेळात दार उघडं असतं ते असं. उजवा दिनेश त्याच्या आधीच घरी परतला होता.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण वरचे कोटींचे आकडे मूठभरांचे आहेत. २०२३ च्या करारानुसार मायनर लीगच्या सर्वात वरच्या ट्रिपल-ए पातळीला वर्षाला ३५,८०० डॉलर, सर्वात खालच्या पातळीला १९,८००. मेजर लीगचा किमान पगार २०२६ साठी ७ लाख ८० हजार. या दोन आकड्यांच्या मधे रिलीव्हर लटकलेला असतो. क्लबकडे खेळाडूची तीन ‘ऑप्शन’ वर्षं असतात, त्यात एका हंगामात पाच वेळांपर्यंत त्याला खाली पाठवता येतं आणि पिचरला खाली गेल्यावर सहसा पंधरा दिवस तिथेच राहावं लागतं. काल दोन इनिंग टाकून थकलेला रिलीव्हर आज खाली आणि ताज्या हाताचा वर, हा खेळ सगळा हंगाम चालतो. पोरं भाड्याचं घर घेत नाहीत, हॉटेलात राहतात. मेजरमध्ये ४३ दिवस नोंदले गेले तरी किमान पेन्शन लागू होतं, पूर्ण पेन्शनला दहा वर्षं लागतात. पगारावर वाद घालायचा हक्क साधारण तीन वर्षांनी, आणि हवा तो संघ निवडायची मोकळीक सहा वर्षांनी. बहुतेक रिलीव्हर तिथवर पोचत नाहीत. तेव्हा कॉलेजची पदवी हातची सोडू नका, हे आपल्या मराठी घरात मी वेगळं सांगायला नको. पूर्ण शिष्यवृत्तीची आशाही धरू नका. कित्येक वर्षं डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळातल्या सर्वात वरच्या पातळीच्या) सबंध बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या होत्या, त्या तुकडे करून वाटायचे. आता नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत तो आकडा गेला, पण संघात जास्तीत जास्त ३४ जण अशी मर्यादा आली, म्हणजे स्पर्धा तेवढीच.

मग यंदा करायचं काय? शाळेत कोच म्हणतो तसं बुलपेनमध्ये खेळू दे, कुरकुर न करता. उन्हाळ्यातल्या संघात मात्र आठवड्यातून एकदा स्टार्टर म्हणूनच खेळायला मिळेल अशी बोलणी आत्ताच करा. दोन्ही संघांच्या कोचना एकमेकांचे चेंडू माहीत नसतात, त्याची वही तुमच्याकडे ठेवा.

आणि चेंजअप. उजव्या फलंदाजाला बाद करायचं डावखुऱ्याचं हत्यार हेच, कारण तो उजव्यापासून लांब आणि खाली जातो. अंगठा आणि तर्जनी यांची कडी चेंडूच्या आतल्या बाजूला लावायची, चेंडू उरलेल्या तीन बोटांवर ठेवायचा, तळव्यात घट्ट दाबायचा नाही. हात फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरवायचा. पोरं इथेच चुकतात, चेंडू हळू जावा म्हणून हातच हळू करतात आणि फलंदाजाला ते लगेच दिसतं. वेग पकडच कमी करते, हाताने करायचा नाही. पहिले काही आठवडे चेंडू कुठेही जाईल, कॅचरच्या डोक्यावरून जाईल, जाऊ दे. मधली आणि करंगळीजवळची बोटं चेंडू शेवटपर्यंत धरतात का एवढंच बघायचं.

दुसरं, फर्स्ट बेसवरच्या धावपटूला अडकवणं. डावखुऱ्याचं तोंड आपोआप त्याच्याकडे असतं. उजवा पाय उचलला की प्लेटकडे जाणार की बेसकडे, हे धावपटूला शेवटपर्यंत कळत नाही. २०२३ पासून मेजर लीगमध्ये एका फलंदाजामागे दोनदाच असं थांबता किंवा फेकता येतं, तिसऱ्यांदा बाद नाही झाला तर धावपटूला पुढचा बेस फुकट. म्हणून पहिली फेकच चांगली हवी. पाय खाली टेकताना तो बेस आणि प्लेट यांच्या मधल्या तिरक्या रेषेच्या फर्स्ट बेसकडच्या बाजूला पडला पाहिजे, नाहीतर अंपायर बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल, देतो. अंगणात खडूने रेष मारून सराव होतो, कोच लागत नाही.

कॉलेजच्या कोचना व्हिडिओ पाठवाल तेव्हा उजव्या फलंदाजांविरुद्धचे चेंडू आधी लावा, चेंजअपसकट, आणि बाद न झालेलेही दोन-तीन ठेवा. डाव्यांना स्लायडरवर चकवताना तर सगळीच पोरं पाठवतात.